अठ्ठावीस पाहुण्यांचे टेबल आणि एक फ्रिज

माझ्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी पन्नास वर्षे पूर्ण झाली. हॉल घेऊन समारंभ करायला दोघांचाही ठाम विरोध होता, आणि घरी पंगत मांडायची तर आमच्या कोथरूडच्या तीन खोल्यांच्या घरात एका वेळी आठच पाने बसतात. पाहुणे अठ्ठावीस होते. म्हणजे साडेतीन पंगती, प्रत्येक पंगतीला वाढणारे वेगळे, आणि शेवटच्या पंगतीला गार झालेला वरणभात. या पेचातून ग्रेझिंग टेबलाचा विचार पुढे आला. एका मोठ्या टेबलावर चीज, फळे, चटण्या, वड्या, भाकरीचे तुकडे, सुकामेवा, गोडाचे पदार्थ असे सगळे एकदमच मांडून ठेवायचे आणि पाहुण्यांनी गप्पा मारत, फिरत, हवे तेव्हा हवे ते उचलायचे, अशी ही पद्धत आहे. ग्रेझिंग म्हणजे चरणे, हे कळल्यावर सासऱ्यांनी त्या टेबलाला ताबडतोब ‘कुरण’ असे नाव ठेवले आणि घरात पुढे तेच रूढ झाले.

मराठी घराला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण फळे, फराळाचे पदार्थ, कोरलेले कलिंगड यांची आरास मांडतोच, आणि दिवाळीचा फराळ हा तर आधी करून ठेवण्याच्या शास्त्राचा वस्तुपाठ आहे. फरक एवढाच, की आरास पाहायची असते आणि तिच्यातले आपल्या हातावर कोणीतरी ठेवते, तर या टेबलावरचे स्वतःच्या हाताने मोडून घ्यायचे असते. हा फरक मला त्या वेळी किरकोळ वाटला होता, पण संध्याकाळी त्याने आम्हाला गाठले.

पुढील टिपण रुचीविषयी नाही. पदार्थ बहुतेक चांगलेच झाले. तयारीचा क्रम कसा आखला, तो कुठे चुकला आणि का चुकला, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

हाताशी काय होते

अठ्ठावीस जणांपैकी नऊ जण पासष्टीच्या पुढचे, चार मुले आणि बाकीचे मधल्या वयाचे होते. तिघांना मधुमेह होता. समोरच्या घरातले जैन दांपत्य कांदा, लसूण व कंदमुळे खात नाही आणि चोविहार पाळत असल्याने सूर्यास्तानंतर काहीच घेत नाही, म्हणून त्यांना साडेपाचलाच बोलावले होते. बाकीच्यांना साडेसातची वेळ दिली होती. टेबल सहा फूट लांब व तीन फूट रुंद, फ्रिज ३४० लिटरचा, चार शेगड्या आणि एक लहान ओव्हन. काम करणाऱ्या आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझ्या जाऊबाई. त्या पिंपरीला राहतात आणि शुक्रवारी संध्याकाळीच येऊ शकणार होत्या. नवऱ्याकडे फळे व बाजार, दिरांकडे खुर्च्या व सरबते अशी वाटणी झाली. मी नोकरी करते, त्यामुळे सोमवार ते गुरुवार मला रोज रात्री जेवणानंतरचे दीड-दोन तासच मिळणार होते.

पदार्थांची यादी करताना हंगाम आमच्या बाजूने होता. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी भरात होती, पुरंदरची अंजिरे मिळत होती, नाशिकची द्राक्षे नुकती येऊ लागली होती, आणि संक्रांत असल्याने तिळगूळ व गुळाची पोळी घरात होणारच होती. चीज तीन प्रकारचे घेतले: गौडा, चेडार आणि मिरी लावलेले एक मऊ चीज. तिन्ही पाकिटांवर हिरवा ठिपका असल्याची खात्री करून घेतली, कारण इटलीतल्या मूळ पार्मिजानोसारख्या काही चीजमध्ये वासराच्या जठरातले विकर वापरलेले असते आणि आमच्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना ते कळले असते तर त्यांनी टेबलाला हातही लावला नसता. चीजबरोबर बिस्किटांऐवजी सोलापूरची कडक भाकरी ठेवण्याचे ठरवले. ती तीळ लावलेली, पातळ आणि पूर्ण वाळवलेली असते, आठवडाभर सहज टिकते आणि तिचा तुकडा हातात धरून त्यावर काहीही ठेवता येते. माझ्या मते संपूर्ण टेबलावरची सर्वांत योग्य निवड तीच होती.

याशिवाय कोथिंबीर वडी, अळूवडी, सुरळीची वडी, तिखटमिठाच्या पुऱ्या, बाकरवडी, शेंगदाण्याची व लसणाची कोरडी चटणी, काबुली चण्यांचे हमस, चक्क्यात पुदिना घालून केलेले डिप, मोरावळा, गाजर व काकडीचे लांब तुकडे, डाळिंबाचे दाणे, भाजलेले मखाणे, बदाम, श्रीखंड आणि हुरडा. प्रत्येकी साधारण चारशे ग्रॅम खाणे धरले, म्हणजे एकूण अकरा किलोंच्या आसपास. चीज नेहमी माणशी पन्नास-साठ ग्रॅम धरतात. ज्येष्ठांचा विचार करून मी चाळीसच धरले आणि सव्वा किलोच्या आत थांबले.

आखलेला क्रम

मी दिनदर्शिकेसारखा तक्ता केला होता. सोमवारी दोन्ही चटण्या आणि मखाणे, मंगळवारी तिखटमिठाच्या पुऱ्या, बुधवारी संक्रांतीच्याच दिवशी हाताच्या तळव्याएवढ्या चाळीस गुळाच्या पोळ्या, गुरुवारी दही टांगणे आणि चणे भिजवणे, शुक्रवारी वड्यांचे उंडे वाफवणे, हमस व डिप, आणि शनिवारी फक्त सुरळीच्या वड्या, फळे चिरणे, तळणे आणि मांडणे. तक्ता पाहून जाऊबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “शनिवारी आपल्याला झोपायला वेळ मिळेल.”

सोमवार ते गुरुवारचे सगळे नियोजनाप्रमाणे पार पडले. त्यात आश्चर्य काही नाही, कारण त्या चार दिवसांतले जवळजवळ सगळे पदार्थ कोरडे होते. ज्यात पाणी कमी, त्यात जंतू वाढत नाहीत आणि चवही फारशी बदलत नाही. गुळाच्या पोळीला तर दोन दिवस मुरू दिले तर ती सुधारते, आणि ती गारच खायची असल्याने शनिवारी तिच्यासाठी शेगडी अडवावी लागली नाही. दोन किलो दही गुरुवारी रात्री पंच्यात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवले. त्याचा सुमारे नऊशे ग्रॅम चक्का शुक्रवारी मिळाला.

या टप्प्यावरची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. जाऊबाईंची सूचना अशी होती, की सोललेला लसूण मंदाग्नीवर तेलात शिजवून मंगळवारीच बरणीत भरून ओट्यावर ठेवावा, म्हणजे भाकरीवर लावायला उत्तम. तेलाखाली हवा नसते आणि लसणात आंबटपणा नसतो. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणाऱ्या जंतूला वाढायला नेमकी हीच परिस्थिती लागते, आणि त्या विषाचा वास येत नाही की चवही लागत नाही. आपल्या लोणच्यांत तेलाबरोबर भरपूर मीठ व आंबट असते म्हणून ती वर्षभर टिकतात. नुसत्या तेलातला लसूण त्या हिशेबात बसत नाही. म्हणून तो शनिवारी दुपारी केला, लगेच फ्रिजमध्ये ठेवला आणि उरलेला रविवारी टाकून दिला.

गुरुवारी रात्री आणखी एक काम केले, जे त्या वेळी पोरखेळ वाटले होते. टेबलावर सगळ्या रिकाम्या वाट्या, पाट आणि ताटल्या मांडून प्रत्येकात पदार्थाच्या नावाची चिठ्ठी ठेवली आणि त्याचा फोटो काढला. चौदा वाट्या बसतील असा माझा अंदाज होता, पण अकराच बसल्या, तेव्हा कोरड्या दोन चटण्यांना एकाच खणाच्या डब्यात एकत्र आणावे लागले. पदार्थ भरलेले असताना हे लक्षात आले असते तर फार गोंधळ झाला असता.

शुक्रवारची रात्र

जाऊबाई सात वाजता आल्या आणि आम्ही एकदमच सगळे सुरू केले. कोथिंबीर वडीचे सहा आणि अळूवडीचे पाच उंडे वाफवून झाले, चणे शिजले, दूध आटवायला ठेवले होते तेही उतरवले. साडेनऊच्या सुमारास हे सगळे थोडे कोमट झालेसे वाटून फ्रिजमध्ये ठेवले. फ्रिजमध्ये आधीच चक्का, चीज, अंजिरे, भाज्या, दुसऱ्या दिवशीचे दूध आणि दिरांनी आणलेल्या सरबताच्या सहा बाटल्या होत्या. आत हात घालायलाही जागा उरली नव्हती.

घरात एक साधा थर्मामीटर होता, तो मी सहज आत ठेवला होता. आठ वाजता त्यावर चार अंश होते. साडेदहाला पाहिले तेव्हा अकरा अंश झाले होते.

अन्न टिकण्याचा साधा नियम असा, की ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून गरम ते साठच्या वर आणि गार ते पाचच्या खाली ठेवायचे. आमचा फ्रिज त्या पट्ट्यात शिरला होता, आणि तो एकट्या चण्यांना किंवा उंड्यांना नव्हे, तर आतल्या चीज-चक्क्यासकट सगळ्यालाच घेऊन शिरला होता. कारणे दोन होती. पहिले म्हणजे बाहेरून कोमट लागणारा उंडा आतून चांगलाच गरम होता. घट्ट पदार्थातली उष्णता आतून बाहेर सावकाश सरकते आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ जवळपास चौपट होतो. दुसरे म्हणजे ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये गार हवा फिरत नाही. कप्प्यांमधली रिकामी जागा वाया गेलेली नसते, फ्रिज तिच्यातूनच काम करतो.

आम्ही सरबताच्या बाटल्या प्रथम बाहेर काढल्या. त्यांना फ्रिजमध्ये असण्याचे काही कारणच नव्हते. मग उंडे काढून कोथिंबीर वडीचे सहाही उंडे उभे चिरले आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवले. अळूचे उंडे उभे चिरले असते तर घड्या सुटल्या असत्या, म्हणून त्यांचे आडवे तीन-तीन तुकडे केले. चणे पसरट भांड्यात ओतून ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले आणि पाणी दोनदा बदलले. बाहेर पुण्याची जानेवारीची थंडी होती, गॅलरीत हवा अठरा अंशांच्या आसपास असावी, त्यामुळे पाऊण तासात सगळे खरोखरच गार झाले. शेजारच्या दोन घरांच्या फ्रिजमध्ये एकेक कप्पा मागून घेतला आणि चीज तिकडे हलवले. एक वाजता आमच्या फ्रिजने पुन्हा पाच अंश दाखवले. कोथिंबीर वडी यामुळे अर्धचंद्राच्या आकाराची झाली, आणि दुसऱ्या दिवशी तीन जणींनी तो आकार मुद्दाम केला का असे विचारले. आम्ही हो म्हणालो.

या रात्रीत जाऊबाईंचा जो वेळ हाताशी होता त्यात त्यांनी उत्साहाने साठ सुरळीच्या वड्याही करून टाकल्या. तक्त्यात त्या शनिवारी दुपारी होत्या. ‘आधी होतंय तर कशाला ठेवायचं,’ हा त्यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही, पण सुरळीची वडी त्याला अपवाद ठरते. बेसन शिजताना त्यातला स्टार्च पाणी धरून मऊ होतो आणि गार होताना तो पुन्हा कडक बांधणीकडे जातो. हे परतणे सर्वांत वेगाने होते ते फ्रिजच्याच तापमानाला. फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो त्याचेही कारण हेच. शनिवारी सकाळी डबा उघडला तेव्हा वड्यांच्या कडा तडकल्या होत्या आणि गुंडाळी सरळ करायला गेल्यास तुटत होती. दोन मिनिटे वाफ दिल्यावर मऊपणा बराचसा परतला, पण काही एकमेकींना चिकटल्या. साठांतल्या पस्तीस टेबलापर्यंत पोहोचल्या.

मला या प्रकरणातून कळलेली मुख्य गोष्ट इथेच आहे. माझा तक्ता ‘कधी वेळ आहे’ या प्रश्नावर बांधलेला होता. तो ‘एका रात्रीत या पदार्थाचे काय होते’ आणि ‘त्या रात्री तो कुठे राहणार’ या दोन प्रश्नांवर बांधायला हवा होता. सोमवारच्या चटण्यांना डबा पुरतो, शुक्रवारच्या उंड्यांना फ्रिजचा कप्पा लागतो, आणि कप्पे मोजलेलेच असतात. माझ्याकडे पाच दिवस होते, पण फ्रिज एकच होता, आणि मी दिवस मोजले, कप्पे मोजलेच नाहीत.

शनिवार

साडेपाचला समोरचे दांपत्य आले. त्यांच्या दोन ताटांत तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाची पोळी, तूप, फळे, कडक भाकरी आणि लसूण न घालता वेगळ्या केलेल्या एका उंड्याच्या वड्या असे मोजकेच वाढायचे होते. त्याला आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. प्रत्येक पदार्थ कोणत्या तरी स्टीलच्या डब्यात होता, सगळे डबे सारखे होते आणि तीन घरांत विखुरलेले होते. चक्क्याचा समजून मी दोनदा भिजवलेल्या बदामांचा डबा उघडला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सगळं आधी करून ठेवलंत ना? मग ही शोधाशोध कसली?” त्यानंतर दहा मिनिटे आम्ही दुसरे काहीही केले नाही, फक्त कागदाच्या पट्ट्यांवर नावे लिहून डब्यांना चिकटवली. ती दोन ताटे नसती तर हाच गोंधळ सात वाजता अठ्ठावीस पटीने झाला असता.

मांडणीला तासभर धरला होता, लागले एक तास पन्नास मिनिटे. केळीची पाने धुऊन, विस्तवावरून फिरवून मऊ करून अंथरली. तशी न केलेली पाने टेबलाच्या कडेला वाकवताना फाटतात. टेबलाचे पाय पाणी भरलेल्या ताटल्यांत ठेवले, कारण गूळ, अंजिरे आणि श्रीखंड एकत्र असताना पुण्याच्या मुंग्यांना निमंत्रणाची गरज नसते. मोठ्या वाट्या आधी, मग चीज, मग भाकरी व पुऱ्या, मग फळे आणि शेवटी मधल्या फटींत बदाम, मखाणे व अख्खी द्राक्षे, हा गुरुवारच्या फोटोतला क्रम पाळला. चीज साडेसहाला बाहेर काढले, कारण फ्रिजमधल्या चीजला चव जवळपास नसते आणि अर्धा-पाऊण तास मिळाला तर ते खुलते.

फळांच्या बाबतीत नवऱ्याने कौतुकास्पद शिस्त पाळली. द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे आदल्या दिवशी, गाजराचे तुकडे सकाळी गार पाण्यात, काकडी चार वाजता, आणि स्ट्रॉबेरी अगदी शेवटी धुतली, कारण धुऊन ठेवलेली स्ट्रॉबेरी काही तासांतच मऊ पडते. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या सौम्य पाण्यातून काढल्या, त्यामुळे त्या दोन तास पांढऱ्या राहिल्या. चूक झाली ती शेजाराची. संत्र्याच्या फोडींना लागून बाकरवडी मांडली गेली आणि पाऊण तासात बाकरवडीचा खुसखुशीतपणा गेला. कुरकुरीत पदार्थ शेजारच्या ओल्या पदार्थातले पाणी हवेतूनही ओढून घेतात. त्यांच्यामध्ये अख्ख्या द्राक्षांची किंवा बदामांची एक पट्टी जरी असती तरी चालले असते.

हुरडा सपशेल फसला. तव्यावर भाजून तो गरम खाण्यातच मजा आहे. टेबलावर दहा मिनिटांत तो गार आणि चिवट झाला. ज्या पदार्थाचा जीव गरमपणात आहे, त्याला या टेबलावर जागा नाही. कोथिंबीर वड्या आणि अळूवड्या मात्र सव्वासहाला तळून ओव्हनमध्ये नव्वद अंशांवर उघड्या ताटात ठेवल्या होत्या. हॉटपॉटमध्ये ठेवल्या असत्या तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडल्या असत्या.

पाहुणे

साडेसातला सगळे जमले, टेबलाभोवती उभे राहिले, फोटो काढले, आणि नंतरची बारा मिनिटे एकानेही काही उचलले नाही. आरास मोडायची कोणी, हा प्रश्न होता. ज्येष्ठ मंडळी हातात ताटली घेऊन शांतपणे थांबली होती, कारण त्यांच्या अनुभवात अन्न कोणीतरी वाढते. शेवटी जाऊबाईंनी मुलांच्या हाताला धरून आणले आणि चीजचा पहिला तुकडा त्यांनाच उचलायला लावला, मग दुसऱ्या बाजूने सासूबाई स्वतः ज्येष्ठांची ताटे भरू लागल्या. त्यानंतर टेबल वेगाने रिकामे होऊ लागले.

दुसरी अडचण उष्ट्याची होती. प्रत्येक वाटीत चमचा होता, नऊ चिमटे होते, तरीही एका पाहुण्याने चावलेली भाकरी पुन्हा हमसमध्ये बुडवली आणि ते दोन मावशांनी पाहिले. त्या दोघींनीच नव्हे, तर त्यांच्या बाजूला बसलेल्या सहा जणांनी त्यानंतर कोणत्याही ओल्या वाटीला स्पर्श केला नाही. यात पाहुण्याचा दोष मी मानत नाही. सामाईक वाटी हीच मांडणीतली चूक होती. पावणेनऊच्या दुसऱ्या फेरीत जाऊबाईंनी हमस आणि चक्का लहान द्रोणांत घालून वीस द्रोण मांडले, आणि ते सगळे संपले.

ही दुसरी फेरी आधीपासून ठरलेली होती. खोलीतल्या हवेत नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, म्हणून प्रत्येक ओल्या पदार्थाचा निम्मा भाग आम्ही फ्रिजमध्ये राखला होता. पहिली वाटी उचलून तिच्या जागी नवी ठेवली. जुन्या वाटीत वरून नवे ओतले नाही, कारण तसे केले की नव्या पदार्थालाही जुन्याचे दोन तास लागू होतात.

आठ वाजून वीस मिनिटांनी सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ मला बाजूला घेऊन अतिशय अदबीने म्हणाले, “छान केलंय सगळं. पानं केव्हा घ्यायची?” भात नाही म्हणजे जेवण सुरूच झालेले नाही, असा त्यांचा समज होता, आणि तो समज तिथल्या निम्म्या लोकांचा होता हे नंतर कळले. मसालेभाताचा आग्रह जाऊबाईंनी धरला होता आणि मी त्याला ‘टेबलाचा विचका’ म्हटले होते. नशिबाने माझे चालले नव्हते. सात वाजता केलेला भात मोठ्या हॉटपॉटमध्ये साठ अंशांच्या वर राहिला होता. नऊ वाजता तो, तूप आणि ताक असे बाहेर आले आणि पंधरा मिनिटांत तळ दिसला.

हिशेब

चीज चारशे ग्रॅम उरले, म्हणजे चाळीस ग्रॅमसुद्धा जास्तच होते. सर्वाधिक खपले ते गुळाच्या पोळीच्या चतकोरावर ठेवून. हे जोडकाम मुलांनी शोधले. हमस निम्मे उरले, कडक भाकरी, वड्या, अंजिरे आणि भात संपले. शुक्रवारचे तीन तास धरले होते त्याचे साडेपाच झाले आणि शनिवारचे चार होते त्याचे आठ. सोमवार ते गुरुवारचे सात तास मात्र सातच राहिले.

पुढची संधी चैत्रातल्या हळदीकुंकवाची आहे, आणि त्यासाठीचा तक्ता मी दिवसांऐवजी जागांनुसार लिहिला आहे: ओट्यावर राहणारे, फ्रिजमध्ये राहणारे आणि कुठेच न राहणारे. कोथिंबीर वडीचे उंडे मुळातच बारीक थापून वाफवायचे, म्हणजे रात्री चिरावे लागणार नाहीत. सरबतांसाठी बर्फाची वेगळी बादली. डिप असले तर द्रोणांतच. चैत्रात पुण्याचा पारा बत्तीसच्या बराच वर असतो, आणि त्या हवेत दोन तासांची सवलत एका तासावर येते, म्हणून चीज व चक्का यादीतून गेले आहेत. कैरीची डाळ आदल्या रात्री वाटून ठेवण्याचा मोह जाऊबाईंना आताच झाला आहे. त्यावर आमचे असे ठरले आहे, की डाळ आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी वाटायची, आणि कैरी व फोडणी पहिली पाहुणी यायच्या तासभर आधी घालायची, तीही तीन हप्त्यांत. तोवर फ्रिजचा मधला कप्पा तिच्या नावाने रिकामा राहील.